मूल आज जे करत नाही, ते उद्या करेल

जिन्याला फाटक आणि कपाट भिंतीला जखडणाऱ्या पट्ट्या आम्ही घरी येऊन बसवून देतो. त्या बसवायचा विचार बहुधा मूल एकदा पडल्यावर सुचतो. तो एक टप्पा आधी करा.

बाळ कुशीवर वळायला साधारण चौथ्या महिन्यात लागतं, पण कोणत्या दिवशी ते कळत नाही. म्हणून दुपटं बदलताना पहिल्यापासून एक हात त्याच्या अंगावर हवा. रांगायला लागलं की हाताला येईल ते तोंडात जातं. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको.

बटण सेलची, म्हणजे बटणासारख्या चपट्या गोल बॅटरीची, तर आम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते. 20 मिमीचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यातून वीज वाहून तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. रिमोटला चालेनासा झालेला सेलही इजा करतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, तडक एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

दीड वर्षाच्या आसपास चढणं सुरू होतं. उघडे ड्रॉवर म्हणजे मुलाला पायऱ्याच. दोन-तीन ड्रॉवर बाहेर आले की कपाटाचा भार आधीच पुढे झुकलेला असतो, त्यात मूल लोंबकळलं की कपाट अंगावर येतं. यासाठी वरच्या कडेला दोन एल-पट्ट्या लागतात. त्या पाठीच्या पातळ प्लायला नव्हे, जाड फळीला जोडायच्या. भिंतीत स्क्रू पकडून ठेवणारा प्लग गिलावा ओलांडून विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसला पाहिजे. नुसत्या गिलाव्यातला एका ओढीत निघून येतो. कपाटावर खेळणी ठेवू नका, त्यांच्यासाठीच मूल चढतं.

जिन्याच्या वरच्या टोकाला दाबून बसणारं फाटक चालत नाही, स्क्रूचंच हवं, आणि ते जिन्याच्या बाजूला उघडता कामा नये. खिडकीच्या गजांत 10 सेंमीपेक्षा कमी फट ठेवा. डासांची जाळी मुलाला अडवत नाही.

बादली वापरून झाली की रिकामी करून पालथी घाला. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकून आत तोंड गेलं की मुलाला स्वतःला वर काढता येत नाही. बुडायला 5 सेंमी पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही.

“दोन वर्षांचा आहे, नको म्हटलं की ऐकतो,” असं पालक सांगतात. त्याला ‘नको’ कळतं हे खरं, पण हात आवरणं अजून जमत नाही.

पट्ट्या बसवून झाल्या की आमच्या माणसासमोरच सगळे ड्रॉवर उघडा आणि कपाट पुढे ओढून पाहा. तसूभर हललं तरी काम पूर्ण झाल्याची सही करू नका.