ऑलिंपस मॉन्स : नावाची उकल

ऑलिंपस मॉन्स हा मंगळ ग्रहावरील थार्सिस या उंच प्रदेशाच्या वायव्येस असलेला महाकाय ढाल ज्वालामुखी (आडव्या ठेवलेल्या ढालीसारखा पसरट, मंद उताराचा ज्वालामुखी) असून सूर्यमालेत आजवर ज्ञात झालेल्या ज्वालामुखींमध्ये तो सर्वांत उंच आहे. मंगळाच्या संदर्भपातळीपासून (उंची मोजण्यासाठी ठरवलेल्या शून्य पातळीपासून) त्याची उंची सुमारे २२ किमी. भरते. पायथ्याचा व्यास जवळपास ६०० किमी. असून त्याने व्यापलेले क्षेत्र ३ लाख चौ. किमी.च्या आसपास, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्र राज्याएवढे आहे. एवढ्या प्रचंड ज्वालामुखीच्या नावाचा शब्दशः अर्थ मात्र ‘ऑलिंपस पर्वत’ इतकाच होतो. आग, लाव्हा किंवा ज्वालामुखी यांचा त्यात मागमूस नाही. याचे कारण असे की, तो ज्वालामुखी आहे हे कळण्याच्या कितीतरी आधी नावातला ‘ऑलिंपस’ मंगळाच्या नकाशावर येऊन बसला होता.

मिलान येथील ब्रेरा वेधशाळेतील इटालियन खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी स्क्यापारेल्ली यांनी १८७७ च्या प्रतियुतीपासून (पृथ्वीवरून पाहता मंगळ सूर्याच्या विरुद्ध बाजूस येण्याच्या वेळेपासून) मंगळाचे पद्धतशीर नकाशे काढण्यास प्रारंभ केला. दुर्बिणीतून दिसणाऱ्या उजळ आणि काळसर भागांना त्यांनी ग्रीक व रोमन पुराणकथांतील, प्राचीन भूगोलातील आणि बायबलमधील नावे दिली. १८७९ मध्ये त्यांना एके ठिकाणी लहानसा पांढरा ठिपका दिसला आणि त्याला त्यांनी ‘निक्स ऑलिंपिका’ म्हणजे ‘ऑलिंपसचे हिम’ असे म्हटले. ग्रीसमधील ऑलिंपस हा २,९१७ मी. उंचीचा पर्वत झ्यूस आणि इतर देवांचे निवासस्थान मानला जाई, आणि त्याच्या माथ्यावर वर्षाचे अनेक महिने बर्फ असते. पांढऱ्या ठिपक्याला हे नाव सुचणे त्यामुळे स्वाभाविकच होते. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी: ग्रीसमधील मूळ ऑलिंपस हा ज्वालामुखी नाही. नावातील साम्य पांढऱ्या माथ्याचे होते, पर्वताच्या घडणीचे नव्हे.

१४ नोव्हेंबर १९७१ रोजी मरिनर ९ हे यान मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरले. दुसऱ्या ग्रहाची परिक्रमा करणारे ते पहिले यान होय. त्या वेळी धुळीच्या वादळाने अवघा ग्रह झाकून टाकला होता. सुरुवातीच्या छायाचित्रांत पिवळट धुरळ्यातून केवळ चार काळे ठिपके वर आलेले दिसत होते, आणि त्यांपैकी वायव्येकडचा ठिपका नेमका निक्स ऑलिंपिकाच्या जागी होता. धूळ हळूहळू खाली बसू लागली तसे प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी गोलाकार खळगे स्पष्ट होत गेले, आणि हे चारही ठिपके म्हणजे वादळाच्याही वर डोके काढणारी ज्वालामुखींची शिखरे आहेत हे उघड झाले. ‘हिम’ हे नाव आता चालण्यासारखे नव्हते. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ‘ऑलिंपस मॉन्स’ हे नाव मान्य केले. उरलेल्या तिघांची नावेही जुन्या नकाशांतूनच आली: ‘अर्सिया’ एका अरण्याचे, तर ‘पॅव्होनिस’ आणि ‘अस्क्रेयस’ तळ्यांची. कल्पनेतली अरण्ये आणि तळी अशा रीतीने पर्वत झाली.

या नामांतरात लॅटिन व्याकरणाचा एक बारकावा आहे. ‘निक्स’ हा हिमवाचक शब्द स्त्रीलिंगी असल्याने त्याच्यासोबत ‘ऑलिंपिका’ हे स्त्रीलिंगी विशेषण आले होते. ‘मॉन्स’ म्हणजे पर्वत. हा शब्द पुल्लिंगी आहे, आणि नव्या नावात विशेषणाऐवजी ‘ऑलिंपस’ हे मूळ नामच त्याच्या शेजारी ठेवले गेले. मंगळावर हा जातिवाचक शब्द विशेषनामाच्या नंतर येतो. चंद्रावर तो जुन्या प्रथेप्रमाणे आधी येतो, उदा., मॉन्स हायगेन्स. अनेकवचन ‘मॉन्टेस’ असे होते. महत्त्वाचे म्हणजे ग्रहांवरील नामकरणात ‘मॉन्स’सारख्या संज्ञा केवळ आकार सांगतात, उत्पत्ती सांगत नाहीत. मंगळावरीलच गेल विवरातील एओलिस मॉन्स हा ज्वालामुखी नसून गाळाच्या थरांचा डोंगर आहे, तरी संज्ञा तीच आहे. दुरून घेतलेल्या छायाचित्रावरून आकार ठरवता येतो, पण घडण कशी झाली याविषयीचे मत पुढे बदलू शकते. हे पाहता हा संकेत अतिशय शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

मराठीत पुष्कळदा ‘ऑलिंपस मॉन्स पर्वत’ असे लिहिले जाते. त्यात पर्वत हा अर्थ दोनदा येतो. तथापि ‘सह्याद्री पर्वत’ किंवा ‘विंध्याचल पर्वत’ म्हणतानाही आपण तेच करतो, कारण ‘अद्रि’ आणि ‘अचल’ या दोन्ही शब्दांचा अर्थ पर्वतच आहे. त्यामुळे हा प्रयोग चुकीचा ठरवण्याचे कारण नाही. शास्त्रीय लेखनात मात्र ‘ऑलिंपस मॉन्स’ एवढेच पुरेसे आहे.

‘मॉन्स’ शब्दाने डोळ्यांपुढे उभा राहणारा सुळका येथे नाही. पातळ लाव्ह्याचे थरावर थर साचल्याने उतार सरासरी सुमारे ५ अंशांचाच आहे. पायथ्याशी मात्र काही ठिकाणी ८ किमी.पर्यंत उंचीचा कडा असून त्याला ‘ऑलिंपस रुपेस’ म्हणतात. ‘रुपेस’ म्हणजे कडा. माथ्यावर सुमारे ८० किमी. लांब आणि ६० किमी. रुंद महाकुंड (ज्वालामुखीचा माथा खचून झालेला विशाल खळगा) आहे. उतारावरील दोन आघात-विवरांना लडाखमधील कारझोक आणि नेपाळमधील पांगबोचे या गावांची नावे मिळाली आहेत, कारण मंगळावरील लहान विवरांना पृथ्वीवरील छोट्या वस्त्यांची नावे देण्याचा नियम आहे.

स्क्यापारेल्ली यांना दिसलेला पांढरेपणा बहुधा ढगांचा होता. उतारावरून वर चढणारी हवा थंड होते आणि पाण्याच्या हिमकणांचे ढग पर्वतावर जमतात. मंगळाच्या उत्तर गोलार्धातील वसंत व उन्हाळ्यात दुपारच्या सुमारास ते पृथ्वीवरील दुर्बिणींतूनही उजळ दिसतात. पुढे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, युरोपीय ट्रेस गॅस ऑर्बिटर यानाच्या छायाचित्रांत ऑलिंपस मॉन्सच्या माथ्यावर थंड ऋतूतील पहाटे पाण्याचे दहिवर गोठलेले आढळले. हा थर मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका पातळ असतो आणि सूर्योदयानंतर काही तासांत नाहीसा होतो.