नाशिकमध्ये ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची: पात्रता, कागदपत्रं, फी

उसने दिलेले पैसे बुडाले किंवा घरमालकाने डिपॉझिट अडवलं, तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. नाशिक शहरासाठी तो सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात लागतो. त्याला रकमेनुसार कोर्ट फी भरावी लागते आणि पैशांच्या वसुलीची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. वाद विकत घेतलेल्या वस्तूचा किंवा पैसे मोजून घेतलेल्या सेवेचा असेल, तर मात्र जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावं. ती वाट बरीच सोपी आहे. वकील सक्तीचा नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

कोणाला करता येते

स्वतःच्या वापरासाठी खरेदी करणारा कोणीही. नफ्याच्या धंद्यासाठी घेतलेला माल यात बसत नाही, पण पोट भरण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली रिक्षा किंवा शिलाई मशीन बसतं. शेतकरीही ग्राहकच आहे. सदोष बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हे स्पष्ट केलं आहे.

कंपनी पुण्याची असो वा दिल्लीची, तक्रारदार नाशिक जिल्ह्यात राहत किंवा काम करत असेल तर तक्रार इथेच चालते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेली ही फार मोठी सोय आहे. त्यामुळे येवल्यात बसून ऑनलाइन मागवलेल्या मोबाइलसाठी परगावी खेटे घालावे लागत नाहीत.

फी

फी ठरते ती वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर. नुकसानभरपाई किती मागितली यावर नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही. त्यापुढे दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००, पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये. पन्नास लाखांच्या वर दोन कोटींपर्यंतची प्रकरणं राज्य आयोगाकडे जातात.

मुदत

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. खरं नुकसान इथेच होतं. दुकानदार म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू, कंपनी म्हणते इंजिनीअर पाठवतो, आणि माणूस भिडेपोटी थांबत राहतो. नुसत्या आश्वासनांनी मुदत वाढत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवा, पुष्कळ वाद तिथेच मिटतात, पण तिथल्या नोंदीमुळेही दोन वर्षांचं घड्याळ थांबत नाही. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज देता येतो, मात्र कारण आयोगाला पटावं लागतं.

कागदपत्रं

पक्कं बिल, वॉरंटी कार्ड, पैसे दिल्याचा पुरावा (यूपीआयची नोंद किंवा बँकेचं स्टेटमेंट), सर्व्हिस सेंटरचे जॉबशीट, आधीचा पत्रव्यवहार, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं तारखांसह छापून घ्या. ते इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्याने सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. तक्रारीआधी समोरच्याला नोटीस देण्याची कायद्याने सक्ती नाही, तरी स्पीड पोस्टाने एक नोटीस पाठवाच. पोचपावतीवरची तारीख पुढे फार उपयोगी पडते.

कांद्याचं बियाणं उगवलं नाही किंवा भेसळीचं निघालं, तर आधी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पीक शेतात उभं असतानाच पंचनामा करून घ्या. तालुका तक्रार निवारण समिती प्लॉट पाहून अहवाल देते, आणि बियाण्याच्या खटल्याचा सगळा भार त्या अहवालावर पडतो. नांगर फिरल्यावर दाखवायला काही उरत नाही. लॉट नंबर असलेलं बिल, पिशवी आणि तिच्यावरचं लेबल जपून ठेवा. सगळं बियाणं पेरलं गेलं, नमुना शिल्लक नाही, म्हणून मात्र हातपाय गाळू नका. शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणं राखून ठेवावं अशी अपेक्षा करता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात म्हटलं आहे.

अर्ज

तक्रार मराठीत लिहिली तरी चालते. काय घेतलं, कधी घेतलं, किती पैसे दिले, दोष कधी दिसला, कोणाला कळवलं, त्याने काय उत्तर दिलं, हे तारखांच्या क्रमाने, क्रमांक घालून लिहा. शेवटी मागणी आकड्यांत हवी: मूळ रक्कम, व्याज, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. जे मागितलंच नाही ते मिळेल या भरवशावर राहू नका. सोबत शपथपत्र आणि कागदांची यादी जोडा. दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले (म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. दाखल करणं ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या होतं.

पुढे काय

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारणतः २१ दिवसांत ठरवायचं असतं. सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यानंतर आलेलं उत्तर स्वीकारलं जात नाही. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असेल तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, त्या तयारीने जा आणि तारीख चुकवू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. पैसे देण्याचा आदेश ज्याच्यावर आहे, त्याला अपिलाआधी निम्मी रक्कम भरावी लागते. आदेश होऊनही पैसे आले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त आणि कलम ७२ खाली शिक्षेसाठी अर्ज करता येतो. त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद, किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.