गोड्या पाण्याच्या मत्स्यटाकीतील गोगलगाय पालन

माशांच्या टाकीत त्यांच्या सोबतीने पाणगोगलगायी पाळण्याची पद्धत. काचेवरचे शेवाळ, माशांनी टाकलेले अन्न आणि कुजकी पाने खातात म्हणून गोगलगायी बहुधा सफाईसाठी आणल्या जातात. ही समजूत अर्धीच खरी आहे. खाल्लेल्या शेवाळाची विष्ठा टाकीतच पडते, त्यामुळे काच चकचकीत झाली तरी विष्ठेतून पाण्यात साठणारे नायट्रेट कमी होत नाही. पाणी बदलणे सुटत नाहीच, उलट टाकीत आणखी एका खाणाऱ्या तोंडाची भर पडते.

प्रकार

सर्वांत जास्त पाळली जाते ती मिस्ट्री स्नेल, म्हणजे पोमेसिया डिफ्यूझा. ती सुमारे ५ सेंमीपर्यंत वाढते आणि पिवळ्या, निळसर, तपकिरी अशा रंगांत मिळते. तिला कल्ले आणि फुप्फुस दोन्ही असतात. लांब श्वासनळी पृष्ठभागावर काढून ती हवा आत ओढते, तेव्हा सगळे अंग पंपासारखे मागेपुढे हलताना दिसते. निरोगी वनस्पतींना ती फारसे तोंड लावत नाही. तिची भावंड प्रजाती पोमेसिया कॅनालिक्युलाटा मात्र टाकीतली हिरवळ फस्त करते. ओळख शंखाच्या वेढ्यांवरून पटते. डिफ्यूझाच्या वेढ्यांचे खांदे सपाट, जवळजवळ काटकोनात असतात. कॅनालिक्युलाटाच्या वेढ्यांमध्ये खोल खाच असते.

शेवाळ खाण्यात नेराइट गोगलगायीचा हात कोणी धरत नाही. रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर स्नेल बहुतेक वेळा विकत न घेताच येतात, वनस्पतींच्या पानांना चिकटलेल्या अंड्यांतून. ट्रम्पेट स्नेल दिवसा वाळूत गाडून घेते आणि रात्री बाहेर पडते. तिच्या उकरण्याने वाळू मोकळी राहते. असॅसिन स्नेल मांसाहारी असून दुसऱ्या गोगलगायी खाते.

पाणी आणि शंख

शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लात तो विरघळतो. पाळण्यातल्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच सापडते. सामू (पीएच) ७.२ ते ८, जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) किमान ८ अंश आणि केएच (कार्बोनेटमुळे येणारा कठीणपणा) ४ अंशांच्या वर असेल तर शंख नीट वाढतो. सामू ७ च्या खाली राहिला की आधी शंखाचे टोक पांढरे पडते, मग त्यावर खड्डे पडतात. टोक हा शंखाचा सर्वांत जुना भाग. तो पुन्हा भरून येत नाही. पाणी सुधारल्यावर फक्त तोंडाकडची नवी वाढ चांगली येते, आणि जुना व नवा भाग जोडणारी रेषा शंखावर कायम राहते.

कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा टाकीत टाकतात. तो सुरुवातीला तरंगतो. उकळून घेतला किंवा दगडाला बांधला तर बुडतो. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीतून पोवळ्याचा चुरा ठेवणे अधिक भरवशाचे, कारण पाणी आम्ल होऊ लागले की तो विरघळतो आणि सामू सावरतो.

तापमान २२ ते २६ अंश सेल्सिअस पुरते. २८ च्या वर गोगलगाय भराभर खाते, वाढते आणि लवकर मरते; मिस्ट्री स्नेल एरवीही एक-दोन वर्षेच जगते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, म्हणजे नव्या, न मुरलेल्या (हे विषारी पदार्थ पचवणारे जिवाणू अजून न वाढलेल्या) टाकीत गोगलगाय सोडू नये.

तांबे हे गोगलगायींना विष आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांत कॉपर सल्फेट असते. मासे त्यातून वाचतात, गोगलगायी मरतात. आजारी माशांवर वेगळ्या टाकीत उपचार करणे हाच सुरक्षित मार्ग.

कोणते मासे चालतात

गप्पी, प्लॅटी आणि मॉली यांची जोडी सर्वांत सोपी, कारण त्यांनाही कठीण, किंचित अल्कधर्मी पाणीच मानवते. कोरीडोरास, ओटोसिंक्लस, रासबोरा त्रास देत नाहीत. निऑन टेट्राही निरुपद्रवी, पण त्याला मृदू पाणी आवडते. मध्यम कठीणपणावर दोघांची तडजोड होते.

बोटिया कुळातले लोच गोगलगाय शंखातून ओढून खातात आणि पफर मासे शंखच फोडतात. मोठे सिक्लिडही टाळावेत. बेट्टा आणि गोल्डफिशचे सांगता येत नाही: काही ढुंकून पाहत नाहीत, काही गोगलगायीची लांब शिंगे अळ्या समजून तोडतात. शिंग पुन्हा उगवते, पण सारखी टोचली जाणारी गोगलगाय दिवसचे दिवस शंखाच्या तोंडाचे झाकण लावून बसते आणि उपाशी मरते.

सोडणे, खाणे, मरणे

नवी गोगलगाय वेगळ्या भांड्यात ठेवून तासभर टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळावे. ती काचेवरून उचलताना सरळ ओढू नये. बाजूला सरकवत सोडवावी, नाहीतर शंखाला धरून ठेवणारा स्नायू दुखावतो. नेराइट उलटी पडली तर सपाट तळावर तिला अनेकदा सुलटे होता येत नाही, म्हणून तिला पायाच्या बाजूने खाली ठेवावे. फिल्टरच्या तोंडाला स्पंज हवा आणि टाकीला झाकण. रात्रीतून गोगलगायी बाहेर पडतात आणि सकाळी जमिनीवर सुकलेल्या सापडतात.

मिस्ट्री स्नेलला एकट्या शेवाळावर ठेवणे म्हणजे तिची उपासमार. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवलेली काकडी किंवा पालक, शिवाय तळाशी बसणाऱ्या गोळ्या द्याव्यात. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी काढावी.

तरंगणारी किंवा दोन दिवस बंद असलेली गोगलगाय मेलेली असेलच असे नाही. बाहेर काढून वास घ्यावा. मेलेलीचा वास ओळखायला अनुभव लागत नाही. शंखाचे झाकण सैल पडून मांस लोंबत असेल तर ती तत्काळ काढावी. लहान टाकीत एक मोठी मेलेली मिस्ट्री स्नेल अमोनिया इतका वाढवते की मागोमाग मासेही जातात.

प्रजनन आणि संख्या

मिस्ट्री स्नेलमध्ये नर-मादी वेगळे असतात. पण मादी शुक्राणू काही महिने साठवते, त्यामुळे एकटी आणलेली मादीही फलित अंडी घालू शकते. अंड्यांचा गुलाबीसर पुंजका ती पाण्याच्या वर, काचेवर किंवा झाकणाला चिकटवते. त्यासाठी ५ ते ८ सेंमी जागा मोकळी लागते. पिल्ले दोन ते चार आठवड्यांत बाहेर येतात. नको असल्यास पुंजका खरवडून गोठवावा. नेराइटचे कडक पांढरे ठिपके लाकडावर महिनोन्‌महिने चिकटून राहतात, पण तिच्या अळ्यांना खारे पाणी लागत असल्याने गोड्या पाण्यात त्यांची पिल्ले होत नाहीत. रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर उभयलिंगी आहेत. ट्रम्पेटची मादी नराविना जिवंत पिल्ले देते.

शेवटच्या तिघींची संख्या फुगली की दोष माशांना घातलेल्या जादा खाण्याचा असतो. रात्री काकडीचा तुकडा ठेवून सकाळी तो गोगलगायींसकट उचलावा आणि खाणे कमी करावे. संख्या उतरायला काही आठवडे लागतात. औषधाने एकदम मारल्या तर वाळूत शेकडो मृतदेह कुजतात, ते संकट मूळ तक्रारीपेक्षा मोठे.

बाहेरचा धोका

तळ्यातून पकडून आणलेल्या गोगलगायींत पर्णकृमींच्या (चपट्या परजीवी जंतांच्या) अळ्या आणि इतर परजीवी असू शकतात. त्या टाकीत सोडू नयेत. टाकीतल्याही नाल्यात किंवा शेतात सोडायच्या नसतात. कॅनालिक्युलाटा आशियात खाद्य म्हणून आणली गेली आणि भातशेतीची कीड होऊन बसली. जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. युरोपीय संघाने २०१२ साली सबंध पोमेसिया वंशाच्या आयातीवर बंदी घातली आणि त्यात निरुपद्रवी डिफ्यूझाही अडकली.