टॉम विल्सचा शेवट: दारू अचानक तुटते तेव्हा

१० जुलै १८५८ रोजी मेलबर्नच्या एका साप्ताहिकात क्रिकेटपटू टॉम विल्सचं पत्र छापून आलं. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये म्हणून फुटबॉल क्लब काढा, नियमांसाठी समिती नेमा, असं त्याचं म्हणणं. पुढच्या मे महिन्यात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दहा नियम लिहून काढले. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची सुरुवात ही. त्याच्या खेळाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्याच्या आजाराबद्दल लिहावंसं वाटतं.

ऑक्टोबर १८६१ मध्ये क्वीन्सलंडमधल्या कलिन-ला-रिंगो इथे आदिवासींच्या हल्ल्यात त्याचे वडील धरून १९ जण मारले गेले. सामान आणायला गेल्यामुळे टॉम वाचला. सूडापोटी गोऱ्यांनी त्याहून कितीतरी जास्त आदिवासी मारले. टॉमची झोप उडाली, दारू वाढत गेली. तरीही पाचच वर्षांनी याच माणसाने आदिवासी क्रिकेटपटूंचा संघ घडवला, हे विसरू नये. अशा आघाताने जडणाऱ्या विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत जागा मिळाली १९८० साली, विल्स जाऊन १०० वर्षं झाल्यावर.

मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन म्हणजे गाबा, आणि चेतवणारं ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटचा दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखण्यासाठी उलट बदलतो: गाबाला कमी दाद देतो, ग्लुटामेटला जास्त. मग दारू एकदम थांबली, की हा बदललेला मेंदू अनावर चेतावतो. आधी हात थरथरतात, झोप लागत नाही, कधी झटके येतात. दोन ते चार दिवसांत काहींना नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, छाती धडधडते, आपण कुठे आहोत हेही उमगत नाही. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात.

१८८० साली दारू बंद केल्यावर विल्सचं हेच झालं. १ मे रोजी त्याला मेलबर्नच्या रुग्णालयात नेलं. तिथून निसटून तो मेलबर्नजवळच्या हायडेलबर्गला घरी परतला आणि दुसऱ्या दिवशी त्या भ्रमातच त्याने जीव दिला. वय अवघं ४४.  

आज बेंझोडायझेपीन गटातली औषधं देऊन मेंदू शांत ठेवतात, मात्रा हळूहळू उतरवतात, सोबत थायमीन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण वाचतात. म्हणून वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नये. आधी डॉक्टर गाठावा. सोडल्यावर भास किंवा झटके सुरू झाले, तर थेट रुग्णालय.