पार्श्वभूमी: भिंगाच्या सूत्रातले अधिक-उणे

इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस लोक चष्मे लावू लागले होते. किरण भिंगात किती वळतो हे सांगणारा अपवर्तनाचा नियम छापून आला थेट १६३७ मध्ये, आणि भिंगांचे बीजगणिती सूत्र १६९३ मध्ये. त्या भौतिकशास्त्रावर आज वाद नाही. वाद आहे चिन्हांचा, आणि त्याचे मूळ चष्म्याच्या नंबरात आहे.

पूर्वी नंबर म्हणजे इंचांतले नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून नाभीपर्यंतचे (समांतर किरण जिथे एकत्र येतात त्या बिंदूपर्यंतचे) अंतर. त्यामुळे ५ नंबरचे भिंग १० नंबरच्या दुप्पट शक्तीचे ठरे. शिवाय पॅरिसचा इंच २७.०७ मिलिमीटर, इंग्रजी इंच २५.४. दोन भिंगे जोडली की अपूर्णांकांची बेरीज आलीच. १८७२ मध्ये डायॉप्टर सुचवला गेला: मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त. २० सेंटिमीटरचे भिंग ५ डायॉप्टरचे; +१ आणि +२ ची पातळ भिंगे एकमेकांना टेकवली की +३.

चष्म्यात बहिर्वक्र भिंग 'प्लस' ठरले. त्या काळच्या अनेक पाठ्यपुस्तकांत मात्र येणाऱ्या प्रकाशाच्या उलट दिशेचे अंतर धन धरत, म्हणून त्याच भिंगाचे नाभीय अंतर ऋण येई. ही विसंगती काढायला दोन पद्धती पुढे आल्या. एकीत वास्तव (किरण खरोखर जिथे मिळतात) ते धन, आभासी (किरण जिथून आल्यासारखे फक्त वाटतात) ते ऋण. सूत्रात वस्तू आणि प्रतिमा यांच्या अंतरांच्या व्यस्तांची बेरीज, ती नाभीय अंतराच्या व्यस्ताइतकी. दुसरी नवी कार्टेशियन: प्रकाशीय केंद्रापासून (भिंगाच्या मध्यापासून) मोजायचे, प्रकाशाच्या दिशेने धन; सूत्रात प्रतिमेच्या व्यस्तातून वस्तूच्या व्यस्ताची वजाबाकी. लंडनमध्ये १९३४ साली यावर समितीचा अहवाल आला, तरी दोन्ही पद्धती चालूच राहिल्या. आपल्या दहावीच्या पुस्तकात कार्टेशियन आहे, आणि ते योग्यच; बहिर्वक्र भिंगाची शक्ती तिथे आपोआप प्लस येते.

घोटाळा होतो तो दोन्हींची सरमिसळ केल्याने. नाभीय अंतर २० सेंटिमीटर, वस्तू ३० वर. कार्टेशियनमध्ये वस्तूचे अंतर −३०. वजाबाकीच्या सूत्राने प्रतिमा +६० वर येते. हेच −३० बेरजेच्या सूत्रात घातले की उत्तर १२ येते. आरशाच्या सूत्रात कार्टेशियन चिन्हे घेऊनही बेरीजच असते, म्हणून हात सवयीने तिकडे वळतो. चूक मात्र लगेच पकडता येते: समोरच्या वस्तूची वास्तव प्रतिमा बहिर्वक्र भिंगाच्या नाभीच्या आत कधीच पडत नाही, आणि १२ हे २० पेक्षा कमी आहे.