बहिःस्थ व अंशकालीन पदव्युत्तर शिक्षण : बेळगाव सीमाभागातील कलाशिक्षक

शाळेत किंवा पदवीपूर्व महाविद्यालयात (अकरावी-बारावी) पूर्णवेळ नोकरी करीत असताना शिक्षकाने एम.ए. किंवा तत्सम पदवी मिळविण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांतील मराठीभाषक शिक्षकांच्या बोलण्यात ती ‘बाहेरून एम.ए. करणे’ या शब्दांत येते. ‘मुक्तमधून’ आणि ‘एक्स्टर्नल’ हे शब्दही तितकेच रुळलेले आहेत. ‘कलाशिक्षक’ या शब्दाचे दोन अर्थ येथे एकत्र नांदतात : कला शाखेचे विषय, म्हणजे भाषा, इतिहास, समाजशास्त्र इत्यादी शिकविणारा शिक्षक, आणि चित्रकला किंवा संगीत शिकविणारा शिक्षक. या दोघांचे मार्ग पुढे इतके वेगळे होतात की त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. (जिल्ह्याचे व शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी असे आहे, प्रस्तुत नोंदीत मराठीत रूढ असलेले बेळगाव हे रूप वापरले आहे.)

संज्ञा : बहिःस्थ, बहिःशाल, पत्रद्वारा, दूरस्थ, मुक्त आणि अंशकालीन हे शब्द बोलण्यात एकमेकांऐवजी वापरले जात असले, तरी त्यांचे अर्थ एक नाहीत. बहिःस्थ विद्यार्थी म्हणजे विद्यापीठाने ज्याची केवळ परीक्षा घ्यावयाची, ज्याला शिकविण्याची जबाबदारी त्याने पत्करलेली नाही, असा नोंदणीकृत परीक्षार्थी. बहिःशाल शिक्षण याच्या जवळजवळ उलट असते : त्यात विद्यापीठ व्याख्याने देते, पण पदवी देत नाही. पत्रद्वारा शिक्षणात छापील पाठ टपालाने येतात आणि विद्यार्थ्याने सोडविलेले स्वाध्याय टपालाने परत जातात. दूरशिक्षण हे त्याचेच विस्तारलेले रूप होय. मुक्त हा शब्द मुळात प्रवेशाच्या अटींसंबंधीचा आहे, अध्यापनाच्या पद्धतीसंबंधीचा नाही. पूर्णवेळ अभ्यासक्रमाचेच अध्यापन निम्म्या गतीने, संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी करणे हा अंशकालीन शिक्षणाचा काटेकोर अर्थ घेतला, तर सीमाभागातील ज्या पदव्यांना सर्रास अंशकालीन म्हटले जाते त्यांपैकी फारच थोड्या त्या व्याख्येत बसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला अंशकालीन नोंदणीची तरतूद असून, त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. तेथे मात्र हा शब्द नेमक्या अर्थाने वापरलेला आहे.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून मानावा याविषयी दोन मते आढळतात. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, तेव्हापासून तो मोजावा, हे एक मत. कोठारी आयोगाने (१९६४–६६) १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातील किमान एक तृतीयांश विद्यार्थ्यांची सोय पत्रद्वारा व सायंकालीन वर्गांतून होऊ शकेल अशी अपेक्षा व्यक्त केली आणि त्यानंतर म्हैसूर विद्यापीठाची पत्रद्वारा शिक्षणसंस्था १९६९ मध्ये निघाली, हा क्रम या मताला पोषक आहे. दुसरे मत आरंभ शंभर वर्षे मागे नेते. मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेणाऱ्या व महाविद्यालयांना संलग्नता देणाऱ्या संस्था म्हणून. अध्यापन हे विद्यापीठाचे स्वतःचे काम आहे ही कल्पना कायद्यात ठळकपणे आली ती १९०४ मध्ये. मग शिकविल्यावाचून परीक्षा ही येथे मूळचीच रीत नव्हे काय, असा या मताचा युक्तिवाद आहे.

या दुसऱ्या मतात एक अडचण आहे. संलग्न महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही परीक्षेस बसू देण्याची लंडनची प्रसिद्ध सवलत १८५८ च्या सनदेतील, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतरची आहे. त्यामुळे मुंबईने लंडनच्या बहिःस्थ पदवीचे सरळ अनुकरण केले असे म्हणता येत नाही; फार तर दोहोंचा पूर्वज एक, इतकेच म्हणता येईल. तरीही सीमाभागापुरते पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. टपालाने येणारे पाठ या भागात पोहोचण्याच्या आधीपासून नोकरी सांभाळून परीक्षा देण्याची कल्पना शिक्षकांच्या परिचयाची होती, आणि तिला कारणही स्थानिक होते. बेळगावात लिंगराज महाविद्यालय निघाले ते १९३३ मध्ये. तोवर पदवी हवी असलेल्याला धारवाडचे कर्नाटक महाविद्यालय (१९१७), सांगलीचे विलिंग्डन (१९१९), कोल्हापूरचे राजाराम (१८८०) किंवा सरळ पुणे गाठावे लागे. पदवीसाठीच गाव सोडलेला मास्तर नोकरी लागल्यावर एम.ए.साठी पुन्हा गाव सोडण्यास सहसा तयार नसे. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.च्या परीक्षेत मराठीला स्थान मिळाले ते न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या खटपटीमुळे आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. तेव्हा मराठीच्या शिक्षकाने स्वतःच्या विषयात पदव्युत्तर परीक्षा देण्याची शक्यता त्याआधी फारशी नव्हतीच.

अधिकारक्षेत्र : या भागातील शिक्षकाचे विद्यापीठ त्याच्या गावापासूनच्या अंतराने ठरत नाही. ते अधिकारक्षेत्राने ठरते, आणि या विषयातील बहुतेक गुंतागुंत येथूनच सुरू होते. कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये मुंबईत स्थापन होऊन पुढच्या वर्षी धारवाडला आले, आणि तोवर मुंबई विद्यापीठाखाली असलेला बेळगाव जिल्हा त्याच्याकडे गेला. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. चंदगड तालुका मात्र वगळून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले, तोपर्यंत तो भाग पुणे विद्यापीठाकडे होता. अशा रीतीने चंदगडच्या शिक्षकाने शाळा न बदलता आपले विद्यापीठ बदललेले पाहिले. बेळगावचा शिक्षक धारवाडकडेच राहिला. भुतरामनहट्टी येथील पदव्युत्तर केंद्राचे २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठात रूपांतर झाल्यावर विद्यापीठ जिल्ह्यातच आले. तेथे मराठीचा पदव्युत्तर विभाग आहे, परंतु वर्ग दिवसा भरतात, आणि दहा ते पाच शाळेत असलेल्या शिक्षकाला ते जवळ असून दूर आहेत.

निपाणीत ही स्थिती डोळ्यांनी पाहता येते. गावातील गं. इ. बागेवाडी महाविद्यालय कर्नाटकात, पूर्वी धारवाडच्या व आता बेळगावच्या विद्यापीठाकडे. गावाला लागूनच असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात व शिवाजी विद्यापीठाकडे. त्याच्या पत्त्यात मात्र ‘मार्गे निपाणी’ असे लिहिण्याची वहिवाट आहे. एकाच घरातील दोन भावांच्या गुणपत्रिकांवर दोन राज्यांच्या विद्यापीठांचे शिक्के असणे येथे नवलाचे नाही. बागेवाडीतून बी.ए. झालेल्या शिक्षिकेला कोल्हापूरच्या एम.ए.ला नाव घालावयाचे असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र काढावे लागते व पात्रता सिद्ध करावी लागते. तेथे ‘मायग्रेशन काढलं का?’ हा प्रश्न ‘अभ्यास किती झाला?’ याच्या आधी विचारला जातो.

राज्य विद्यापीठांनी आपल्या राज्याबाहेर दूरशिक्षणाची केंद्रे चालवू नयेत, हा अनुदान आयोगाचा दंडक २०१३ पासून कडकपणे अमलात आला आणि २०१७ व २०२० च्या विनियमांत कायम राहिला. याचा परिणाम चमत्कारिक झाला. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तरी शिवाजी विद्यापीठाला किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाला (स्थापना १९८९) निपाणीत केंद्र काढता येत नाही. म्हैसूर ५०० किलोमीटरांहूनही दूर, तरी तेथील कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ (१९९६) हे ‘आपले’. हा दंडक विद्यापीठाने केंद्र कोठे उघडावे यासंबंधी आहे. विद्यार्थ्याने कोठे राहावे याविषयी तो काही सांगत नाही, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. सीमेपलीकडच्या केंद्रावर नाव घालून संपर्कसत्रांना व परीक्षेला तेथे जाण्यास त्याने आडकाठी केलेली नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमांना तर प्रादेशिक मर्यादाच नाही.

म्हैसूरच्या मुक्त विद्यापीठाची मान्यता २०१२-१३ नंतर उरली नसल्याचे आयोगाने २०१५ मध्ये जाहीर केले, त्यामागे राज्याबाहेरील केंद्रांचा प्रश्न प्रमुख होता. मान्यता पुन्हा मिळाली ती २०१८ मध्ये. मधल्या वर्षांत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) हा देशभर अधिकारक्षेत्र असलेला पर्याय शिल्लक होता. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातील पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानावी, असे आयोगाचे विनियम स्पष्टपणे सांगतात. शाळाचालकांच्या मनातील समकक्षता ही निराळी बाब आहे.

अभ्यासाची रीत : पदवीपूर्व महाविद्यालयातील (पी.यू.) अधिव्याख्यात्याच्या पदाला पदव्युत्तर पदवी लागते, म्हणून माध्यमिक शाळेतील भाषाशिक्षक या वाटेला लागतो. विषय निवडताना माध्यमाचाही विचार होतो. म्हैसूरची पाठ्यपुस्तके कन्नड व इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून शिकलेल्यांचा ओढा हिंदीकडे दिसतो. लिपी तरी ओळखीची असते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पद्धतीत एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. या हिशेबाने ६४ श्रेयांकांची एम.ए. १,९२० तासांची होते, आणि ती दोन वर्षांत संपवावयाची तर आठवड्याला साधारण १८ तास बाजूला काढावे लागतात. स्वाध्यायांना ३० टक्के व सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो.

तासांपेक्षा पंचांग अधिक आडवे येते. कर्नाटकातील शाळांना मोठी सुटी दसऱ्याला, महाराष्ट्रातील शाळांना दिवाळीला. उन्हाळ्याची सुटीही कर्नाटकात एप्रिलच्या पूर्वार्धात लागून मेअखेर संपते, तर महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. सीमेपलीकडचे संपर्कसत्र दिवाळीच्या सुटीत ठेवले, की खानापूरच्या बाईंना किरकोळ रजा टाकावी लागते. एप्रिलमध्ये दहावीचे पेपर तपासण्याचे काम आणि स्वतःची परीक्षा एकाच आठवड्यात येतात. परवानगीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात जातो तो कन्नडमध्ये, बहुधा शाळेतील कन्नडच्या सरांकडून तपासून घेऊन. स्वाध्याय मात्र रात्री, फुलस्केपच्या आखीव कागदांवर, एका बाजूला. वरच्या कोपऱ्यात भोक पाडून टॅगने बांधलेला गठ्ठा रविवारी अभ्यासकेंद्रावर द्यावयाचा आणि पोचपावतीवर शिक्का व तारीख नीट उमटली आहे हे तेथेच पाहून घ्यावयाचे. हरवलेल्या गठ्ठ्याचा पुरावा या चिठोऱ्याशिवाय दुसरा नसतो, हे वरच्या वर्गातील सर नव्याला पहिल्याच भेटीत सांगतात.

चित्रकला व संगीत : चित्रकलेच्या शिक्षकाला वरील मार्ग जवळजवळ बंद आहे. दूरशिक्षण पद्धतीने जे अभ्यासक्रम देण्यास २०२० च्या विनियमांनी मनाई केली, त्यांत वैद्यक, अभियांत्रिकी, विधी इत्यादींबरोबर दृश्यकलांचाही समावेश आहे. कारण उघड आहे : रंगकाम पाहून सुधारणारा गुरू टपालाने पाठविता येत नाही. परिणामी ड्रॉइंग मास्तराला रजा काढून पूर्णवेळ शिकणे किंवा कला-इतिहास, इतिहास, भाषा अशा एखाद्या विषयाची पदवी घेणे, एवढेच उरते. दुसरा पर्याय निवडणारे पुष्कळ. पण त्यांच्या पदवीचा हातातील कामाशी संबंध राहतोच असे नाही.

संगीतशिक्षकाची स्थिती याहून बरी आहे, आणि तिचे श्रेय विद्यापीठांकडे जात नाही. कुरुंदवाडात जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांच्या (१८७२–१९३१) शिष्यपरंपरेने १९३१ मध्ये उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मुळातच नोकरी-धंदा सांभाळून देण्यासारख्या आहेत. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत सात व अलंकारपर्यंत नऊ परीक्षा, लेखी व क्रियात्मक अशा दोन्ही अंगांनी, गावोगावच्या केंद्रांवर होतात. मंडळाचे परीक्षाविषयक कामकाज दीर्घकाळ मिरजेतून चालले, ही गोष्ट बेळगावकरांना सोयीची होती. मंडळ विद्यापीठ नसल्याने त्याला राज्याच्या सीमेचे बंधन नाही. मात्र अलंकार ही एम.ए.च्या तोडीची मानावी की नाही याविषयी एकवाक्यता नाही. काही संस्था ती तशी मानतात, काही मानीत नाहीत. अलंकारच्या क्रियात्मक परीक्षेत जितके गावे-वाजवावे लागते ते पाहता, तुलनेचा हा प्रश्न कौशल्यापेक्षा कायदेशीर मान्यतेचा आहे असे म्हणणे योग्य ठरेल.

इतर सीमाभाग : कारवार, हल्याळ व जोयडा हे उत्तर कन्नड जिल्ह्यातील तालुके धारवाडच्या विद्यापीठाशी जोडलेले असून तेथील मराठी शिक्षकांची स्थिती बेळगावसारखीच आहे. बिदर जिल्ह्यातील भालकी व औराद हा भाग हैदराबाद संस्थानातून आलेला असल्याने त्याचा इतिहास निराळा आहे; तेथे गुलबर्गा विद्यापीठ १९८० मध्ये आले, आणि सीमेपलीकडे उदगीर व लातूर जवळ पडतात.