काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे परमिट : नूतनीकरणाच्या नियमांची पार्श्वभूमी

मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहराच्या रस्त्यांवर ‘फियाट’ या नावाने ओळखली जाणारी ही टॅक्सी उरली नाही. वृत्तपत्रांनी त्या गाडीला मनापासून निरोप दिला, परंतु गाडीचे आयुष्य संपले म्हणून परमिट संपत नाही, हे त्या गहिवरात मागे पडले. टॅक्सीवाल्याच्या लेखी या दोन वेगळ्या वस्तू आहेत : जुनी गाडी भंगारात जाते, परिवहन प्राधिकरणाच्या परवानगीने तिच्या जागी दुसरी येते आणि तेच परमिट तिच्यावर चढते. सरकारी कागदावर त्याला ‘परवाना’ म्हणतात. आरटीओच्या रांगेत हा शब्द क्वचितच कानावर पडतो.

हे परमिट महापालिका देत नाही, याचे अनेकांना आजही आश्चर्य वाटते. घोडागाड्यांच्या काळात, १८६३ च्या आणि पुढे १९२० च्या सार्वजनिक वाहनविषयक कायद्यानुसार, भाड्याच्या वाहनांवर पोलिसांची नजर असे. व्हिक्टोरिया (भाड्याची घोडागाडी) हाकणाऱ्याला पोलीस आयुक्तांचा परवाना लागे. मोटार टॅक्सी मुंबईत १९११ च्या सुमारास आली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे निर्माण केली आणि परमिट हा शब्द आजच्या अर्थाने तेथूनच रुळला. त्या कायद्यात परमिटाची मुदत किमान तीन आणि कमाल पाच वर्षे होती. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्याने ती सरसकट पाच वर्षे केली.

या नव्या कायद्याचे ८१ वे कलम टॅक्सीवाल्याच्या आयुष्यात सर्वांत जास्त वेळा येते. परमिट संपण्याच्या किमान पंधरा दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा लागतो; उशीर झाल्यास तो सबळ कारणामुळे झाला, हे पटवून द्यावे लागते. अर्जदार दिवाळखोर असेल, किंवा कर न भरता वाहन चालवण्यासारख्या ठरावीक गुन्ह्यांसाठी त्याला बारा महिन्यांत दोन वा अधिक वेळा शिक्षा झाली असेल, तर अर्ज फेटाळता येतो, मात्र त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय नाही. नूतनीकरण मंजूर झाले की ते जुनी मुदत संपल्याच्या तारखेपासून लागू होते, म्हणजे कागदोपत्री खंड पडत नाही. परमिटधारकाचा मृत्यू झाल्यास वारसाला तीस दिवसांत कळवून तीन महिने टॅक्सी चालू ठेवता येते आणि त्या अवधीत परमिट आपल्या नावावर करून घ्यावे लागते. बापाची टॅक्सी मुलाकडे आली असे आपण सहज म्हणतो, त्यामागे ही धावपळ असते.

परमिटाच्या जोडीला गाडीचे ‘पासिंग’ असते आणि प्रत्यक्षात खरी कसोटी तेथे लागते. निरीक्षक ब्रेक, दिवे आणि टायर पाहतो, मीटरचे सील शाबूत आहे का हे तपासतो आणि चालकाचा बॅज मागतो. भाडेवाढ झाली की सगळ्या मीटरांची पुन्हा जुळवणी करून घ्यावी लागते. ती होईपर्यंत प्रवासी आणि चालक दरपत्रकावर डोके खुपसून हिशेब करतात, हे दृश्य मुंबईकराला नवे नाही.

नूतनीकरणाला इतके महत्त्व येण्याचे कारण १९९७ मध्ये सापडते. १९८८ च्या कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार पाच लाखांहून कमी लोकसंख्या नसलेल्या शहरांत कंत्राटी वाहनांच्या, म्हणजे टॅक्सी-रिक्षासारख्या पूर्ण भाड्याने घेतल्या जाणाऱ्या वाहनांच्या, संख्येवर मर्यादा घालता येते. महाराष्ट्रात त्या वर्षी नवी परमिटे देणे थांबवण्यात आले आणि ही स्थिती सुमारे दोन दशके टिकली. नवे परमिट मिळत नाही म्हटल्यावर जुन्याला आपोआप भाव आला. परवानगीशिवाय परमिट हस्तांतरित होत नाही, असे कायदा सांगतो. तरीही एकाच्या नावावरचे परमिट, दुसऱ्याची गाडी आणि तिसरा शिफ्टवर चालवणारा ही साखळी शहरात उघडपणे चालत राहिली. माझ्या मते वाहनांची संख्या रोखण्याच्या उद्देशाने केलेल्या निर्णयाने प्रत्यक्षात परमिटाची बाजारपेठच घडवली. दुसऱ्या टोकाला, मालक गावी परतले किंवा धंदा सोडून गेले म्हणून नूतनीकरण न झालेली परमिटे साचत गेली. त्यांना ‘मृत परवाने’ असे अर्थपूर्ण नाव मिळाले.

मर्यादा कायम ठेवून सुधारणा करायच्या, तर त्या चालू परमिटांच्या अटींमधूनच होणार होत्या. धुराविरुद्धच्या जनहित याचिकेवरील उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर टॅक्सी सीएनजीवर गेल्या. २००८ मध्ये गाडीसाठी पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आली आणि २०१३ मध्ये ती वीसवर आणली गेली. पद्मिनीचे उत्पादन तोपर्यंत कधीच थांबले होते. जानेवारी २०१० मध्ये टॅक्सी परमिटासाठी मराठी येण्याच्या अटीवरून मोठा वाद झाला. पुढे रिक्षा परमिटांसाठी परिपत्रकाद्वारे घातलेली तशीच अट मार्च २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली.

दरम्यान ॲपवरच्या टॅक्सी पर्यटक परमिटावर शहरात धावू लागल्या होत्या. त्यांना मीटर नव्हता, परिवहन प्राधिकरणाचे दरपत्रकही लागू नव्हते. काळ्या-पिवळ्यांच्या संघटनांचा मुख्य आक्षेप यावरच होता. राज्याने २०१७ मध्ये शहर टॅक्सी नियम अधिसूचित केले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ॲप कंपन्यांनाही परवाना बंधनकारक केला आणि २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत त्या परवान्याची मुदतही पाच वर्षेच ठेवण्यात आली.